खाडा पडल्यानंतरचा दिवस

"ठरवते तेव्हा अगदी मनापासून ठरवते हो मॅडम. आठ-दहा दिवस नीट जातात. मग कुठे जातं ते सगळं?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. कुणाला चालायला जायचं असतं, कुणाला तंबाखू सोडायची असते, कुणाची एमपीएससीची पुस्तकं दोन वर्षं कपाटात पडून असतात. तपशील वेगळे, पण शेवटचं वाक्य बहुतेक सगळ्यांचं एकच असतं. "माझ्यात जिद्दच नाही." हे वाक्य ऐकलं की मला मंगलताई आठवतात. त्यांचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे.

जुलै २०२४ मध्ये तालुक्याच्या ठिकाणी अंगणवाडी सेविकांसाठी ताणतणावावर एक सत्र घ्यायला गेले होते. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या डबे उघडून बसल्या आणि एक बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. वय ३९. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातलं गाव. पंधरा वर्षं सेविकेचं काम. त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. पुठ्ठ्यावर स्केचपेननं आखलेलं वेळापत्रक होतं ते. पहाटे ४ ला उठणे, ४.१५ ते ६.१५ अभ्यास, रात्री ९.३० ते १०.३० उजळणी, रविवारी पाच तास. वर लाल अक्षरांत लिहिलेलं, "मी पदवीधर होणारच."

"किती दिवस चाललं?"

"नऊ."

"दहाव्या दिवशी काय झालं?"

"सासूबाईंना रात्रभर ताप होता."

"आणि अकराव्या दिवशी?"

त्या जरा थांबल्या. "अकराव्या दिवशी उठलेच नाही. पुठ्ठा कपाटामागे सरकवला."

दहाव्या दिवसाचं मला काही वाटलं नाही. घरात म्हातारं माणूस तापानं फणफणलेलं असताना कोण समाजशास्त्र वाचत बसेल? माझं लक्ष अडकलं ते अकराव्या दिवसात. त्या सकाळी ताप उतरला होता, पुस्तक जागेवर होतं, चारचा गजरही वाजला होता. मग पुठ्ठा कपाटामागे का गेला?

पुढच्या शनिवारी त्या माझ्याकडे नाशिकला आल्या, तेव्हा सगळी हकीकत कळली. २००५ मध्ये बीएच्या दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरलेला असताना लग्न ठरलं आणि कॉलेज सुटलं. पुढे २०१६ मध्ये त्यांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतला. सुटला. २०१९ मध्ये पुन्हा घेतला. सुटला. तिसरा २०२३ चा. त्याही वर्षी परीक्षेला बसल्या नाहीत. "हे म्हणतात, दर तीन वर्षांनी फी भरायची आणि पुस्तकं आणायची, एवढंच तुझं शिक्षण." नवरा वाईट नव्हता. कंपनीत पाळ्यांवर काम करून थकून येणारा साधा माणूस. पण ते वाक्य मंगलताईंनी स्वतःच्या आवाजात पाठ करून टाकलं होतं.

मुक्त विद्यापीठाचं मला मनापासून कौतुक आहे. १९८९ मध्ये ते नाशिकला सुरू झालं आणि ज्यांची शाळा-कॉलेजं चूल, शेत किंवा कारखाना यांच्यापायी सुटली, अशा किती माणसांना त्यानं पुन्हा परीक्षेच्या बाकावर बसवलं. वयाचा अडसर नाही, रोजची हजेरी नाही, राहिलेला विषय पुन्हा देता येतो. पण हीच सोय शिकणाऱ्याला जड जाते. घंटा वाजत नाही, शेजारच्या बाकावर कुणी नसतं, आणि आज आली नाहीस म्हणून कुणी निरोप पाठवत नाही. सगळा भार एकट्या ठरवण्यावर येतो.

"प्रेरणा नाही" असं कुणी म्हटलं की मी लगेच प्रेरणेवर बोलायला घेत नाही. आधी झोप विचारते, भूक विचारते. पूर्वी ज्यात मन रमायचं त्यात आता रमतं का, जगणं नकोसं होतं का, हेही स्पष्ट विचारते. नैराश्यात माणसाचा उत्साह आटून जातो आणि घरचे त्याला आळस म्हणतात. नैराश्य पडताळायला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली असते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले, तर मी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला सांगते. हे वाचणाऱ्या कुणाला जगू नये असं वाटत असेल, तर ध्येयाचं सगळं बाजूला ठेवा आणि १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर आजच बोला. तिथे पैसे पडत नाहीत.

मंगलताईंचे ७ गुण आले, तेही बहुतेक थकव्याच्या आणि झोपेच्या प्रश्नांत. म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉईड ठीक निघालं. हिमोग्लोबिन ९.२. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली असलं की रक्तक्षय धरतात.

"गावातल्या पोरींना लोहाच्या गोळ्या मीच देते," त्या रिपोर्ट हातात धरून म्हणाल्या. "चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या, सगळं सांगते." स्वतः एकही घेतली नव्हती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं होतं. निम्म्याहून जास्त. त्यातल्या किती जणी पहाटे उठवत नाही म्हणून स्वतःला आळशी समजत असतील! हे लिहितानाही मला राग येतो. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. पहाटे चारचा गजर मी बंद करायला लावला.

पण रक्त भरून आलं म्हणून अकरावा दिवस सुटणार नव्हता. तिसऱ्या भेटीत मी त्यांना विचारलं, "आयुष्यात नेटानं पार पाडलेलं एखादं काम सांगा." त्यांना वेळ लागला नाही. "सोळा सोमवार. दोनदा केले. सतराव्याला उद्यापनासकट."

"सोळाही सोमवार सलग?"

"सलग कुठून मॅडम, बाईमाणसाला! अडचण आली की तो सोमवार धरत नाहीत. एकदा चुलतसासरे गेले, तेव्हा सुतकात दोन सोमवार गेले. तेही धरले नाहीत. पुढचे धरायचे."

"म्हणजे व्रत मोडलं?"

"मोडतंय कशानं? उपास केलाच की मी. फक्त मोजायचा नाही."

"मग अभ्यासाचं व्रत एका तापानं कसं मोडलं?"

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला आजेसासूबाईंनी नियम नाही ना घालून दिला."

इतकी वर्षं या विषयावर लोकांशी बोलते आहे, पण इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण ठरवताना करण्याचे नियम आखतो. किती वाजता उठायचं, किती पानं वाचायची, किती किलो कमी करायचे. चुकल्यावर काय करायचं, याचा नियम कुणीच आखत नाही. ज्या म्हाताऱ्या बायकांनी घराघरांत व्रतं चालवली, त्यांना ठाऊक होतं की सोळा आठवड्यांत घरात जन्म होणार, मरण होणार, पाळी येणार. त्यांनी खाड्यासाठी जागा ठेवली. मंगलताईंच्या पुठ्ठ्यावर तशी जागा नव्हती. म्हणून पहिल्याच खाड्याला सगळा पुठ्ठा खोटा ठरला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अॅलन मारलट यांनी दारू सोडलेल्या माणसांचा अभ्यास करताना हेच पाहिलं होतं. सोडलेला माणूस एखाद्या दिवशी एक घोट घेतो. त्या घोटानं होतं त्यापेक्षा जास्त नुकसान त्यानंतरचा विचार करतो. "झालं, मी असलाच. आता काय उरलं?" असं मनात आलं की बाटली रिकामी होते. तंबाखू, साखर, व्यायाम, अभ्यास, सगळीकडे हे लागू पडतं. खाडा एक दिवसाचा असतो, त्याची लाज तीन वर्षं पुरते. मंगलताईंच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरं होतं, २०१६ ते २०१९.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांच्या सवयी बारा आठवडे पाहिल्या. २००९ मध्ये ते निष्कर्ष आले. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागतील, तर कुणाला २५४, मधला आकडा ६६. एकवीस दिवसांत सवय लागते असं जे व्हॉट्सॲपवर फिरत असतं, त्यानं किती लोक बाविसाव्या दिवशी खट्टू झाले असतील! आणि त्याच अभ्यासात दिसलं की मध्ये एखादी वेळ चुकली, तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. मी हे सांगितलं तेव्हा मंगलताई म्हणाल्या, "म्हणजे तो सोमवार धरायचा नाही." बरोबर तेच.

आता ध्येयाकडे. मी विचारलं होतं, पदवी कशाला हवी? त्यांचं उत्तर तयार होतं. पर्यवेक्षिका व्हायला पदवी लागते. ऐकायला ठीक वाटलं, पण ते सांगताना त्यांचा चेहरा रजिस्टर वाचून दाखवावं तसा होता. म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलं.

"खरं सांगू? मला पर्यवेक्षिका व्हायचंच नाही. गावोगाव फिरायचं, दुसऱ्यांची रजिस्टरं तपासायची. माझी पोरं सोडून कुठे जाऊ? ते ह्यांच्या डोक्यातलं आहे."

"मग तुमच्या डोक्यात काय आहे?"

"अर्धवट राहिलंय ना मॅडम ते. दुसऱ्या वर्षाच्या फीची पावती अजून ट्रंकेत आहे."

समाजशास्त्रही कुणीतरी "सोपं जातं" म्हणाल्यामुळे घेतलेलं होतं. आवड होती मराठीची. त्या वर्षीचे प्रवेश सुरूच होते, त्यांनी मराठी घेतलं. चौथ्यांदा फी भरली. घरात काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्याच्या ध्येयावर माणूस काही दिवस चालतो, तेही चांगल्या दिवसांत. वाईट दिवशी पाऊल उचलायला आतलं काहीतरी लागतं. ट्रंकेतली ती पावती मला बढतीपेक्षा मोठं कारण वाटली, आजही वाटते.

मग पुठ्ठ्याच्या जागी काय ठेवायचं, हे ठरवायला बसलो. मी म्हटलं, रोज दोन पानं. त्यांना हसू आलं. "दोन पानांनी कुणी पदवीधर होतं का?" मी त्यांना १९८१ चा एक प्रयोग सांगितला. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी वजाबाकीत कच्ची असलेली, गणिताचा कंटाळा असलेली सात ते दहा वर्षांची मुलं घेतली. सात बैठकांत ४२ पानं करायची होती. काहींना सांगितलं, प्रत्येक बैठकीत सहा पानं करा. काहींना सांगितलं, शेवटपर्यंत ४२ करा. काम तेवढंच. पण सहा-सहा पानंवाली मुलं जास्त शिकली, त्यांना स्वतःबद्दल भरवसा वाटू लागला आणि गणिताची गोडीही लागली. पोरांचं उदाहरण दिल्यावर मंगलताईंना पटलं. पोरांच्या बाबतीत त्यांना लगेच पटतं.

दोन पानं कधी आणि कुठे, यावर मात्र आम्ही जवळजवळ पाऊण तास घालवला. लोकांना हा भाग क्षुल्लक वाटतो, पण माझ्या अनुभवात इथेच बहुतेक ध्येयं तरतात किंवा बुडतात. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं दाखवलंय की "मी अभ्यास करीन" असं ठरवणं आणि "अमुक घडलं की अमुक ठिकाणी बसून अमुक करीन" असं ठरवणं यांत फार अंतर आहे. पुढे २००६ मध्ये अशा ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही दुसरी रीत चांगलीच सरस ठरली. कारण साधं आहे. थकलेल्या माणसाला त्या क्षणी पुन्हा ठरवायला लावायचं नसतं. आधीच ठरलेलं असावं लागतं.

त्यांच्या दिवसात न चुकता घडणारी एक गोष्ट सापडली. रात्री साडेआठला सासूबाईंना गोळ्या द्यायच्या. म्हणून ठरलं, गोळ्या दिल्या की ओट्याजवळच्या स्टुलावर बसायचं आणि दोन पानं वाचायची. भांडी त्यानंतर.

"भांडी त्यानंतर" हे सर्वांत अवघड निघालं. आधी घरातलं सगळं आवरायचं, मग स्वतःचं काही, हा नियम त्यांच्या हाडात होता. आवरून होईपर्यंत दहा वाजायचे आणि पाठ टेकायची. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्याच, "खरकटं तसंच ठेवून वाचत बसतेस?" मंगलताईंनी यावर जो तोडगा काढला तो मला सुचला नसता. त्यांनी भांडी पाण्यात भिजत घातली. "भिजत घातली म्हणजे काम सुरू झालं ना मॅडम. आता भांड्यांनी भिजावं, मी वाचते." सासूबाईंनाही ते पटलं. भिजलेल्या भांड्यांना कुणी खरकटं म्हणत नाही.

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग मी चूक केली.

त्या वहीत रोज बरोबरची खूण करायच्या. पहिल्यांदा अकरा दिवस सलग झाले, मग सतरा. मी भारावून गेले आणि म्हणाले, "सलग सतरा! आता पंचवीस करूया." खाड्याला जागा ठेवायची हे आम्ही मिळून शोधलं होतं, आणि मीच पुन्हा पुठ्ठा उभा केला. सप्टेंबर हा पोषण महिना. अंगणवाडीत रोज कार्यक्रम, प्रभातफेऱ्या, पाककृतींची प्रदर्शनं, आणि प्रत्येकाचा फोटो मोबाईलवर चढवायचा. सहा दिवस पुस्तक उघडलं नाही. त्यानंतरच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, काम आहे. पुढच्या शनिवारीही काम होतं. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की त्या माझ्यापासून लपताहेत. मी त्यांना निरोप दिला, "मंगलताई, वही आणू नका. नुसत्या या."

त्या आल्या. "तुम्हाला तोंड कसं दाखवू तेच कळेना," म्हणाल्या. मी त्यांची माफी मागितली. सलग दिवसांचं कौतुक करून मी त्यांच्या डोक्यावर आणखी एक मोजणारा माणूस बसवला होता. घरातल्या वडीलधाऱ्यांनी, शिक्षकांनी, नवऱ्यांनीही हे जरूर लक्षात घ्यावं. "वा, एकही दिवस चुकवला नाहीस!" या कौतुकात एक धाक दडलेला असतो. चुकल्यावर कोणत्या तोंडानं समोर जायचं, असा प्रश्न ते कौतुक मागे ठेवून जातं. त्यापेक्षा चार दिवस चुकवून पाचव्या दिवशी पुन्हा बसलेल्याचं कौतुक मोठ्यानं करावं. मी आता तेच करते.

त्या दिवशी वही नव्हती, म्हणून अंगणवाडीवर बोलत बसलो. मी विचारलं, "एखाद्या लेकराचं वजन एका महिन्यात घटलं तर तुम्ही काय करता?"

"आधी काटा बघते बरोबर आहे का. मग घरी जाते. आईला विचारते, जुलाब झाले का, दात येताहेत का, आई बागेत कामाला जायला लागली का, मग बाळ दिवसभर कुणाकडे असतं, खातं काय."

"पोरात जिद्द नाही असं म्हणता का?"

"काहीतरीच काय!"

"लगेच नाव काढून टाकता?"

"नाव कसं काढेन? मॅडम, एका ठिपक्यावरून काही कळत नाही. आम्हाला शिकवलंय तसं. तीन-चार महिन्यांची रेघ बघायची. रेघ वर चाललीय का, सपाट झालीय का, खाली येतेय. सपाट झाली तरी गृहभेट द्यायची." बोलता बोलता त्या एकदम गप्प झाल्या. मग पिशवीतून पेन काढलं आणि माझ्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर आडवी-उभी रेघ मारली. खाली महिने लिहिले. उभ्या रेघेवर किलोच्या जागी पानं.

वाढीचा तक्ता गेली पंधरा वर्षं त्यांच्या हाताखालून जात होता. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, त्याखालची लेकरं. दुसऱ्यांच्या पोरांकडे बघायची इतकी शहाणी, इतकी मायेची नजर त्यांच्याकडे होती. ती स्वतःकडे कधी वळवलीच नव्हती. त्या दिवसापासून रोजची खूण बंद झाली. महिन्याला एक ठिपका. ठिपका खाली गेला तर शेजारी कारण लिहायचं, एका ओळीत, दोष न देता. आणि तीन दिवस सलग खाडा पडला तर स्वतःकडे गृहभेट. म्हणजे पुस्तक घेऊन बसायचंच असं नाही, पण शांत बसून विचारायचं की काय झालं, झोप होतेय का, गोळी चालू आहे का, घरात काय चाललंय.

परत येण्याचा नियमही त्यांनीच केला. खाडा पडला की दुसऱ्या दिवशी एकच पान, तेही आधी वाचलेलं. नवं पान नको, कारण नवं पान कळलं नाही तर पुन्हा हिरमोड. आणि राहिलेली पानं भरून काढायची नाहीत. ही शेवटची अट मी हट्टानं घालायला लावली. त्यांच्या कामात मागचं रजिस्टर भरून काढावंच लागतं, त्यामुळे सहा दिवसांची बारा पानं त्यांच्या डोक्यावर कर्जासारखी बसली होती. थकबाकी वाढली की माणूस सावकाराचं दार टाळतो, तसं पुस्तक टाळायला लागतो. न धरलेला सोमवार पुढच्या सोमवारी दुप्पट उपास करून फेडत नाहीत.

एक शब्दही बदलला. पुठ्ठ्यावरचा तो "होणारच". अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिच्या अंगानं पाहिलं तर आपला "च" फार कामाचा आणि फार धोक्याचा आहे. "मला पदवी मिळायला हवी" यात इच्छा आहे. "मिळालीच पाहिजे" म्हटलं की ती मागणी होते, आणि मागणी पुरी झाली नाही की माणूस स्वतःला नापास करतो. मंगलताईंनी "च" खोडला आणि लिहिलं, "मला बीए पुरं करावंसं वाटतं." त्यांच्या मुलीला ते फुळकवणी वाटलं. मला ते टिकाऊ वाटलं.

इथे बरेच जण विचारतात, असं सैल सोडलं तर माणूस सवलतच घेत राहणार नाही का? घेतो, कधी कधी. म्हणूनच महिन्याची रेघ हवी. एका खाड्याला माफी असते, पण रेघ तीन महिने खाली चालली असेल तर बसून बोलायलाच हवं. कधी कधी ध्येयच चुकलेलं असतं. एका मुलाला स्पर्धा परीक्षा सोडायला मी स्वतः मदत केली आहे. तीन वर्षं तो अभ्यासिकेत जाऊन बसत होता आणि मनातून केव्हाच उठला होता. विचार करून, घरच्यांना सांगून, तारीख ठरवून सोडणं याला मी हार मानत नाही. पुठ्ठा कपाटामागे सरकवणं वेगळं. त्यात सुटतही नाही आणि चालतही नाही, आणि दर वेळी कपाट उघडताना तो टोचतो.

नोव्हेंबर ते एप्रिल फारसं सांगण्यासारखं घडलं नाही, आणि तेच बरं होतं. गोळ्या, स्टूल, भिजलेली भांडी, दोन पानं. जानेवारीत हिमोग्लोबिन ११.४ झालं. फेब्रुवारीत लग्नसराईनं ठिपका खाली गेला, मार्चमध्ये वर आला. एका रात्री नवऱ्यानं सासूबाईंच्या गोळ्या स्वतःच दिल्या आणि हाक मारली, "दिल्या गं, बस आता." हे सांगताना मंगलताईंनी नजर खाली घातली होती.

मे २०२५ च्या परीक्षेला त्यांनी चार पेपर भरले. तीन दिले. चौथ्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. निकाल लागल्यावर त्या भेटायला आल्या. दोन सुटले, एक चार गुणांनी राहिला. मला वाटलं होतं की त्या राहिलेल्या पेपरवर बोलतील आणि मला धीर द्यावा लागेल. त्यांनी वही पुढे केली. बारा ठिपक्यांची रेघ. सप्टेंबरच्या खड्ड्याशेजारी लिहिलेलं, "पोषण महिना. सहा दिवस धरले नाहीत." जूनच्या खाली, "एक राहिला. कविता पाठ केल्या, अर्थ लिहायची सवय केली नाही. गृहभेट झाली." वहीच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात एक जुनी, कडा फाटलेली पावती होती. २००५ ची.

"पुढच्या भेटीला शुक्रवारी येता का?" मी विचारलं.

"शुक्रवारी नको मॅडम," त्या वही पिशवीत ठेवत म्हणाल्या. "त्या दिवशी पोरांची वजनं आहेत."